लाभार्थी यादी कशी वाचावी : सटाण्याच्या कांदा अनुदानाचं उदाहरण

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखती जवळ आल्या की ओळखीतल्या मुलामुलींचे संशोधन आराखडे माझ्याकडे वाचायला येतात. त्यात एक विषय हमखास असतो : ‘शासकीय कृषी अनुदानाचा शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीवर होणारा परिणाम – विशेष संदर्भ : अमुक तालुका’. नाशिककडचा विद्यार्थी असेल तर हा अमुक तालुका निफाड तरी असतो, नाहीतर आमचा बागलाण, म्हणजे सटाणा. विषय चांगला आहे. पैसा सार्वजनिक आहे, शेतकरी हाकेच्या अंतरावर आहेत आणि निष्कर्षाचा उपयोग होऊ शकतो. तरीही यातले बहुतेक आराखडे एकाच वाक्यापाशी अडखळतात, आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही.

ते वाक्य असं असतं : ‘लाभार्थ्यांच्या यादीतून शंभर शेतकरी यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली जाईल.’

मुलाखतीत या वाक्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही. ‘यादृच्छिक’ शब्द आला की समिती समाधानी होते. आज मला याच वाक्याची चिरफाड करायची आहे. कारण शंभरचे हजार केले तरी यातली चूक दुरुस्त होत नाही.

आधी थोडं प्रयोगशाळेतलं

मी मूळची रसायनशास्त्राची. डाळिंबावरच्या तेल्यासाठी ताम्रयुक्त औषधं फवारतात, त्यातलं तांबं मातीत किती साचतं, हा माझा विषय. मातीचा नमुना यंत्रात घातला आणि यंत्राने शून्य दाखवलं, तर आम्ही ‘तांबं नाही’ असं लिहीत नाही. ‘मापनमर्यादेच्या खाली’ असं लिहितो. म्हणजे तांबं असेलही, पण या यंत्राला ते दिसत नाही. नवीन यंत्र हातात आलं की पहिला प्रश्न हाच असतो : याला काय दिसतं आणि काय दिसत नाही?

लाभार्थी यादी हेही एक यंत्रच आहे. त्यात शेतकरी आपोआप उमटत नाही. काही कागद जुळले तरच उमटतो. त्यामुळे यादी हातात घेण्याआधी यंत्राची माहितीपुस्तिका वाचायला हवी. आपल्याकडे या पुस्तिकेचं नाव आहे शासन निर्णय, सगळ्यांच्या तोंडी ‘जीआर’. आराखडा लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे जण जीआर मुळातून वाचतात. बाकीचे बातमीवर भागवतात.

२०२३ चा कांदा : जीआर काय म्हणतो

२०२३ च्या फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव कोसळला. काही लिलावांत किलोला दोन-चार रुपये मिळत होते. सोलापूर बाजारात एका शेतकऱ्याला पाच क्विंटलहून अधिक कांद्यापोटी, सगळा खर्च वजा जाता, दोन रुपयांचा चेक मिळाल्याची बातमी तुम्हाला आठवत असेल. मार्चमध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईच्या दिशेने निघाला. सरकारने आधी क्विंटलला ३०० रुपये जाहीर केले, मग ते ३५० झाले. २७ मार्च २०२३ ला शासन निर्णय निघाला. त्यातल्या मुख्य अटी अशा :

१. कांदा लेट खरीप हंगामातला लाल कांदा हवा.
२. तो १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेला हवा.
३. विक्री बाजार समिती, खाजगी बाजार, थेट पणन परवानाधारक किंवा नाफेडकडे झालेली हवी.
४. दर क्विंटलला ३५० रुपये, प्रति शेतकरी जास्तीत जास्त २०० क्विंटल.
५. विक्रीची पट्टी, सातबारा आणि बँक खात्याचा तपशील जोडून अर्ज करायचा, तोही जिथे कांदा विकला तिथे.

सातबाऱ्यावर कांदा पिकाची नोंद हवी, ही अट सगळ्यात जास्त गाजली. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली होती. पीकपेरा शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून भरायचा. ज्यांनी तो भरला नव्हता त्यांच्या शेतात कांदा होता, पण सातबाऱ्यावर नव्हता. ओरड झाल्यावर गावपातळीवर पाहणी करून नोंद करण्याची वाट काढण्यात आली.

आता या पाच अटी पुन्हा वाचा. या वेळी अनुदान मागणाऱ्याच्या नजरेने नको, नमुना निवडणाऱ्याच्या नजरेने. प्रत्येक अट ही एक चाळणी आहे. प्रत्येक चाळणीतून कोणीतरी खाली पडतं आणि ते कोण, हे योगायोगावर ठरत नाही. बापाच्या नावावर सातबारा आणि मुलाच्या नावावर पट्टी असेल तर सहमतीचं शपथपत्र करून सातबारा ज्याच्या नावे त्याला पैसे, अशी तरतूद जीआरमध्ये आहे. म्हणजे वर्षभर शेत पाहणारा मुलगा यादीत दिसणार नाही, ऐंशीतले आजोबा दिसतील. उद्या तुम्ही ‘लाभार्थ्यांचं सरासरी वय’ काढाल आणि ‘तरुण पिढी शेतीपासून दूर जात आहे’ असा निष्कर्ष लिहून मोकळे व्हाल. तो निष्कर्ष कदाचित खराही असेल. पण तुमच्या आकड्यांनी मोजलं आहे ते सातबाऱ्याचं वय.

आणि वाट्याने करणारा? आपल्याकडे वाट्याचे व्यवहार बहुधा तोंडी असतात. बियाणं, खत आणि मजुरीतला निम्मा खर्च वाटेकऱ्याचा, भाव पडला तर निम्मा तोटाही त्याचा. पण सातबारा मालकाचा. मालकाने त्याला अनुदानातला हिस्सा दिला की नाही, हे कुठल्याच यादीत नसतं. कांदा लावायला आणि काढायला येणाऱ्या मजूर बायकांचा तर प्रश्नच येत नाही. त्यांच्यासाठी चाळणी सोडा, सूपसुद्धा नाही.

खिडकी कोणासाठी उघडी होती?

आता खास सटाण्याची गोष्ट. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्याला आपण कसमादे म्हणतो. हा पट्टा ओळखला जातो तो प्रामुख्याने उन्हाळ कांद्यासाठी. डिसेंबर-जानेवारीत लावणी, मार्च ते मे काढणी, मग कांदा चाळीत भरायचा आणि पावसाळाभर भाव बघत बघत काढायचा. लाल आणि रांगडा कांदा इथेही होतो, पण घराचं वर्षाचं गणित बसतं ते चाळीवर.

फेब्रुवारी-मार्चची खिडकी लाल कांद्याची होती. ज्याचं सगळं रान उन्हाळ कांद्याखाली होतं त्याचा कांदा तेव्हा जमिनीतच होता. त्यामुळे २०२३ च्या यादीत बागलाणातल्या एखाद्या गावातून कमी नावं दिसली, तर त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एक, त्या गावाला फटका बसला नाही. दोन, त्या गावाचं पीक खिडकीत बसलं नाही. यादीकडे कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी या दोन अर्थांतला खरा कोणता, हे कळत नाही. त्यासाठी गावाचं पीकचक्र माहीत हवं.

हा मुद्दा आणखी पुढे नेऊ. महाराष्ट्राने कांद्याला असं अनुदान पहिल्यांदाच दिलं असं नाही. २०१६ मध्ये जुलै-ऑगस्टमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे १०० रुपये दिले. २०१८ मध्ये १ नोव्हेंबरपासून विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे २०० रुपये दिले. त्याची मुदत आधी १५ डिसेंबर होती, ती पुढे वाढत गेली. २०२३ मध्ये फेब्रुवारी-मार्चसाठी ३५० रुपये. तिन्ही वेळा मर्यादा २०० क्विंटलचीच.

समजा तुम्ही या तीन वर्षांचे तालुक्याचे आकडे मिळवले आणि आलेख काढला. २०१६ ची खिडकी जुलै-ऑगस्टची, म्हणजे चाळीतल्या उन्हाळ कांद्याची, थेट कसमादेची. २०१८ ची खिडकी जुना चाळीतला कांदा संपत येतो आणि नवा लाल कांदा सुरू होतो त्या सांध्यावरची. २०२३ ची लेट खरिपाची. तीन वर्षं, तीन वेगळ्या पिकांचे शेतकरी. आलेखात रेघ वर गेली काय किंवा खाली आली काय, ती ‘अनुदानाची व्याप्ती’ दाखवत नाही. जास्त करून ती कॅलेंडर दाखवते. तालुक्या-तालुक्यांची तुलना करताना हा घोळ आणखी वाढतो, कारण निफाड, येवला, चांदवड आणि सटाणा यांची पिकं एकाच महिन्यात बाजारात येत नाहीत.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. आपण यादीला ‘डेटा’ म्हणतो आणि जीआरला ‘पार्श्वभूमी’ म्हणून प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात ढकलतो. खरं तर यादी ही जीआरची सावली आहे. जीआर बाजूला ठेवून यादीचं विश्लेषण करणं म्हणजे सावलीची लांबी मोजायची आणि उन्हाची वेळ लिहून ठेवायची नाही.

दोनशे क्विंटलची मर्यादा कोणावर?

आता थोडी बेरीज-वजाबाकी. ३५० गुणिले २०० म्हणजे ७०,००० रुपये, हे एका शेतकऱ्याला मिळणारं कमाल अनुदान. ४० क्विंटल विकणाऱ्याला १४,००० मिळाले. २०० क्विंटलवाल्याला ७०,०००. ६०० क्विंटल विकणाऱ्यालाही ७०,०००. मर्यादा लहान शेतकऱ्याच्या बाजूची आहे, असं यावरून वाटतं आणि हेतूही तोच असणार.

पण मर्यादा ‘प्रति शेतकरी’ आहे, कुटुंबाला नाही. ६०० क्विंटल कांदा असलेल्या घरात तीन खाती असतील आणि पट्ट्या तीन नावांवर फाडल्या असतील, तर हेच घर २,१०,००० पर्यंत जाऊ शकतं. यात बेकायदेशीर काही नाही, खातेफोड खरीच झालेली असू शकते. पण संशोधक म्हणून तुम्ही काय मोजलं? यादीत तीन ‘मध्यम’ लाभार्थी दिसतील, गावात एक मोठं घर. शेजारी चार भावांचं एकच सामाईक खातं असेल आणि सगळ्या पट्ट्या थोरल्याच्या नावे असतील, तर यादीत एक नाव आणि गावात चार चुली. तुमच्या आराखड्यात ‘अभ्यासाचं एकक : शेतकरी’ असं लिहिलेलं असतं. यातला शेतकरी म्हणजे खातं, पट्टी, माणूस की चूल? हे ठरल्याशिवाय लाभार्थ्यांची सरासरी रक्कम काढण्यात अर्थ नाही.

शिवाय ज्याचा कांदा अवकाळीने शेतातच सडला त्याने काहीच विकलं नाही, म्हणून त्याला या योजनेतून शून्य. तो नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात सापडला तर सापडला. तिथे पुन्हा ३३ टक्के नुकसानीची अट असते आणि तो अंदाज शेताच्या बांधावर उभं राहून डोळ्यांनी केलेला असतो. सांगायचं एवढंच, की विक्रीवर मोजलेलं अनुदान सगळ्यात जास्त बुडालेल्या माणसाला बघू शकत नाही. पुन्हा तीच मापनमर्यादा.

नाव सटाणा, नोंद बागलाण

हा मुद्दा बारीक वाटेल, पण यात महिने जातात. शहर सटाणा, तालुका बागलाण. जनगणनेत बागलाण, विधानसभा मतदारसंघ बागलाण, बाजार समिती सटाण्याची, आणि नामपूरची वेगळी. एका यादीत ‘बागलाण’ शोधलं आणि दुसरीत ‘सटाणा’, की जोडणी फसलीच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये गावांच्या नावांची तर आणखीच दैना असते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्ज विक्रीच्या ठिकाणी करायचा होता. बागलाणचा शेतकरी कांदा सटाण्यालाच नेतो असं कुठे आहे? कोणी नामपूरला, कोणी उमराण्याला, कोणी देवळा-कळवणला, आणि भाव बरा दिसला तर थेट पिंपळगाव किंवा लासलगावला. पश्चिमेकडच्यांना गुजरातही जवळ पडतं, पण राज्याबाहेर विकलेल्या मालाला हे अनुदानच नव्हतं. म्हणून ‘सटाणा बाजार समितीतले लाभार्थी’ आणि ‘बागलाण तालुक्यातले लाभार्थी’ हे दोन वेगळे गट आहेत. आराखड्यात ते समान चिन्ह टाकून बसवलेले असतात.

ही अडचण फक्त आपली नाही. अमेरिकेत एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था १९९५ पासूनच्या शेती अनुदानाची काउंटीनिहाय माहिती लोकांसमोर ठेवते. तिथेही अनुदान घेणाऱ्याचा पत्ता आणि शेत एकाच जागी असतील याची खात्री नसते. मालक शहरात, जमीन खेड्यात. पत्ता कोणाचा आणि शेत कोणाचं, हा प्रश्न सगळीकडे सारखाच.

दोन कोटी शेतकरी कुठे गेले?

कांदा थोडा बाजूला ठेवून मोठ्या यादीकडे वळू. पीएम-किसान योजनेत पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. जमीन १ फेब्रुवारी २०१९ ला नावावर असायला हवी. त्यानंतर वारसाने आली तर चालते, विकत घेतली तर नाही. ३१ मे २०२२ ला अकरावा हप्ता सुटला तेव्हा लाभार्थी दहा कोटींहून अधिक होते. १७ ऑक्टोबर २०२२ च्या बाराव्या हप्त्याला आकडा साडेआठ कोटींच्या आसपास आला.

पाच महिन्यांत देशातले दीड-दोन कोटी शेतकरी गायब झाले का? अर्थातच नाही. मधल्या काळात ई-केवायसी आणि जमिनीच्या नोंदींची जोडणी सक्तीची झाली. गळालेल्यांत अपात्र लोक होते, प्राप्तिकर भरणारे होते, मयत होते. तसेच असेही होते ज्यांचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता, आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नव्हतं किंवा बँक खातं जोडलेलं नव्हतं. यादी या दोन्ही प्रकारच्या माणसांना एकाच शब्दात सांगते, तो शब्द म्हणजे शांतता. ज्याचं नाव नाही, त्याचं कारणही नाही. आणखी एक गंमत आहे. त्रुटी दुरुस्त झाली की मागचे हप्ते नंतर जमा होतात, त्यामुळे एकाच हप्त्याचा लाभार्थी-आकडा आज वेगळा आणि सहा महिन्यांनी वेगळा दिसू शकतो. म्हणून यादी कोणत्या तारखेला उतरवून घेतली ते लिहून ठेवा. आम्ही नमुन्याच्या बाटलीवर तारीख टाकल्याशिवाय ती फ्रीजमध्ये ठेवत नाही. तोच नियम इथेही.

आता एक यादी दुसरीला जन्म कशी देते ते पाहा. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये सुटला, आणि त्याचा पाया पीएम-किसानचीच यादी. २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. म्हणजे पहिल्या चाळणीतून खाली पडलेला माणूस पुढच्या प्रत्येक चाळणीच्याही खालीच राहतो. तुमच्या प्रबंधाचा नमुना त्याच यादीतून आला, तर तुमचा प्रबंध ही शेवटची चाळणी. त्यानंतर ‘बहुसंख्य शेतकरी योजनेबाबत समाधानी आढळले’ हे वाक्य छापलं जातं, त्याचा हवाला पुढचा विद्यार्थी देतो, आणि यादीबाहेरचा वाटेकरी अधिकृतपणे अस्तित्वातच राहत नाही. डॉक्टरेट तुम्हाला मिळते, किंमत तो मोजतो. म्हणून हा विषय मला नुसत्या संशोधन पद्धतीचा वाटत नाही.

असं होणं अटळ नाही. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस आणलेल्या कालिया योजनेत भूमिहीन शेतमजूर कुटुंबं आणि वाटेकरी यांचाही विचार केला होता. त्याच वर्षी तेलंगणाची रयतु बंधू आली, ती एकरामागे पैसे देणारी आणि जमीनमालकापुरती होती. पीएम-किसान कुटुंबामागे देते, रयतु बंधू एकरामागे देत होती, कांदा अनुदान क्विंटलमागे होतं. प्रत्येक योजनेचा छेद वेगळा. छेद बदलला की ‘शेतकरी’ या शब्दाचा अर्थ बदलतो.

देवमामलेदारांची तिजोरी

सटाण्याच्या कोणालाही विचारा, गावाची ओळख यशवंतराव महाराज. यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रजी अमदानीत इथले मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी तिजोरीतले पैसे लोकांना वाटून टाकले, असं सांगतात. एक लाख सत्तावीस हजार हा आकडाही सांगितला जातो. पुढे वरिष्ठ तपासणीला आले तेव्हा तिजोरीतली रक्कम पैशापैशाने जुळली, ही त्या कथेतली चमत्काराची बाजू. आरम नदीकाठी त्यांचं मंदिर आहे, मार्गशीर्षात मोठी यात्रा भरते.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. संशोधक म्हणून मला या कथेत दोन वेगळे प्रश्न दिसतात. तपासणीला आलेल्या साहेबांचा प्रश्न होता : रक्कम जुळते का? गावाच्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळी आहे : पैसे भुकेल्यापर्यंत पोचले. पहिला प्रश्न लेखापरीक्षणाचा, दुसरा संशोधनाचा. लाभार्थी यादी पहिल्या प्रश्नासाठी तयार केलेली असते. किती अर्ज, किती मंजूर, किती रक्कम वर्ग, बाकी किती. त्या कामासाठी ती उत्तम आहे. आपण तिला दुसरा प्रश्न विचारतो आणि ती गप्प बसली की तिच्या गप्प बसण्यालाच उत्तर समजतो.

मग यादी फेकून द्यायची?

मुळीच नाही. पैसे किती दिवसांनी पोचले, हे यादीतून छान कळतं. २०२३ चं अनुदान मार्चमध्ये जाहीर झालं आणि वाटप सप्टेंबरमध्ये सुरू झालं. मोठी मागणी असलेल्या नाशिकसारख्या जिल्ह्यांत पहिल्या टप्प्यात शेतकऱ्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयेच मिळाले, उरलेले पुढच्या टप्प्यांत. ७०,००० चा हक्क आणि १०,००० चा पहिला हप्ता, या दरम्यान त्या घराने पुढच्या लावणीचं भांडवल कुठून आणलं? सोसायटीकडून, सोनं गहाण ठेवून, की व्यापाऱ्याकडून उचल घेऊन? हा प्रश्न मला ‘समाधानी आहात का’ या प्रश्नापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, आणि त्यासाठी यादीतल्या तारखा लागतीलच. अर्ज नामंजूर का झाले, याची नोंद मिळाली तर तीही सोन्यासारखी. ती माहिती अधिकारात मागा.

आराखडा लिहिताना एवढं मात्र करा.

सुरुवात यादीपासून नको, गावापासून करा. बागलाणातली दोन गावं घ्या, एक मोसम किंवा आरम खोऱ्यातलं बागायती आणि एक साल्हेर-मुल्हेरकडचं डोंगराळ. गावातल्या सगळ्या चुलींची यादी स्वतः करा. त्यातून नमुना निवडा. मग त्या घरांना विचारा : गेल्या हंगामात कांदा केला का, कोणाच्या जमिनीत, विकला कुठे, पट्टी कोणाच्या नावे, अनुदान मागितलं का, मिळालं का, नसेल तर कुठे अडलं? सरकारी यादी शेवटी उघडा आणि ताडून पाहा. आता तुमच्याकडे चार गट असतील : पात्र आणि मिळालेले, पात्र पण न मिळालेले, अपात्र तरी मिळालेले, आणि जीआरच्या व्याख्येतच न बसलेले. चौथा गट सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो कुठल्याच यादीत नाही. शंभर घरं पुरतील. यादीतल्या हजार नावांपेक्षा ही शंभर घरं जास्त बोलतील.

दुसरं, प्रत्येक टक्केवारीखाली छेद लिहा. कशाचे टक्के? अर्जदारांचे, खातेदारांचे, कांदा करणाऱ्यांचे की गावातल्या चुलींचे? मार्गदर्शकांनी विचारण्याआधी स्वतःला विचारा.

तिसरं, यादीतली नावं, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक परिशिष्टात छापू नका. माहिती सार्वजनिक पोर्टलवर दिसत होती, ही सबब चालत नाही. प्रबंध ग्रंथालयात कायमचा राहतो, आणि त्या माणसाने तुम्हाला त्याची परवानगी दिलेली नसते. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या.

आणि हे सगळं करायच्या आधी एक छोटा गृहपाठ. तुमच्या आराखड्यात ‘लाभार्थी’ हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे तो खोडून ‘ज्याचे अमुक अमुक कागद अमुक तारखेपर्यंत जुळले अशी व्यक्ती’ असं लिहून पाहा. जी वाक्यं तरीही अर्थपूर्ण राहतील ती ठेवा. जी हास्यास्पद वाटतील ती मुलाखतीला जाण्याआधी बदला. बदललेला आराखडा मला पाठवलात तर मी नक्की वाचेन. पहिल्यांदा मी नमुना निवडीचाच परिच्छेद उघडेन.